‘हिंज धरा, सेफ राहाल’ हा सल्ला कुणाला देऊ नका

स्ट्रक्चरल डिझाइन शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: बीम-कॉलमचा जॉइंट कसा वागेल कळत नसेल, तर मॉडेलमध्ये सरळ हिंज (मोकळा फिरणारा सांधा) धरा, डिझाइन सेफ बाजूलाच राहतं. त्यामागे तीन कारणं सांगतात. तिन्ही मला पटत नाहीत.

पहिलं, ‘हिंजमध्ये बीमला सगळ्यात जास्त मोमेंट (वाकवणारा जोर) येतो.’ येतो, पण कुठे? 6 मीटरचा बीम घ्या, मीटरला 20 किलोन्यूटन भार. हिंज धरला तर मध्यावर 90 किलोन्यूटन-मीटर, टोकाला शून्य. पूर्ण फिक्स (टोक अजिबात न फिरणारं) धरला तर टोकाला 60, मध्यावर 30. मध्याचं डिझाइन सेफ झालं, कबूल. पण काँक्रीटचा बीम कॉलमबरोबर एकसंध ओतलेला असतो. आपण मॉडेलमध्ये रिलीज (टोकाला फिरायची मोकळीक) दिलं म्हणून तो सांधा फिरायला लागत नाही. टोकाला मोमेंट येतोच, आणि तिथे वरच्या बाजूला आपण नाममात्र सळई ठेवलेली असते. मग कॉलमच्या तोंडाशी बीमच्या माथ्यावर भेग उघडते. कडेच्या कॉलमचे हाल आणखी वाईट. तो मोमेंट त्यालाच घ्यावा लागतो, आणि त्याचं डिझाइन झालेलं असतं जवळपास नुसत्या उभ्या भारावर.

‘भेग पडली की मोमेंट मध्याकडे सरकतो,’ असं यावर उत्तर मिळतं. सरकतो, पण तेवढं फिरायची डक्टिलिटी (न तुटता ताणलं जाण्याची क्षमता) त्या टोकाला असेल तरच. ती आपोआप मिळत नाही, डिटेलिंगमधून (सळयांच्या मांडणीतून) द्यावी लागते.

दुसरं, ‘आडव्या भारालाही हिंजच कठोर.’ डिफ्लेक्शनपुरतं (फ्रेम किती झुकते एवढ्यापुरतं) हे खरं आहे. पण पायाशी फिक्स असलेले दोन कॉलम ताठ बीमला रिजिड जोडले, की हिंजच्या तुलनेत फ्रेमची आडवी स्टिफनेस (ताठपणा) चौपट होते, म्हणजे आवर्तनकाल (एका हेलकाव्याला लागणारा वेळ) निम्मा. स्पेक्ट्रमच्या (आवर्तनकालानुसार भूकंपाचं बल दाखवणाऱ्या आलेखाच्या) उतरत्या भागात आवर्तनकाल घटला की भूकंपाचं बल वाढतं. हिंजच्या मॉडेलमध्ये बेस शिअर (पायाशी येणारं एकूण आडवं बल) कमी दिसतो, आणि खरी फ्रेम मात्र जास्त बल ओढून घेते. ही चूक सेफ बाजूची नाही, उलट बाजूची आहे.

तिसरं, ‘बोल्ट म्हणजे हिंज, वेल्ड म्हणजे रिजिड.’ स्टीलच्या बीमच्या नुसत्या वेबला (मधल्या उभ्या पट्टीला) क्लीट (जोडणीचा छोटा कोन) लावून सहा बोल्ट मारले तरी फ्लँज (वर-खालच्या आडव्या पट्ट्या) मोकळेच राहतात, तो जॉइंट हिंजसारखाच वागतो. जाड एंड प्लेट (बीमच्या टोकाला वेल्ड केलेली प्लेट) आणि फ्लँजच्या वर-खाली बोल्ट असले, की बोल्टचाच जॉइंट रिजिड होऊ शकतो. युरोकोड 3 (स्टील बांधकामाचं युरोपीय मानक) जॉइंटची फिरण्याविरुद्धची स्टिफनेस बीमच्या ईआय (वाकण्याविरुद्धचा ताठपणा) भागिले लांबीशी ताडून बघतो: 0.5 पटीपर्यंत हिंज, ब्रेसिंग (आडवा भार घेणारे तिरपे आधार) असलेल्या फ्रेममध्ये 8 पटीपासून आणि इतर फ्रेममध्ये 25 पटीपासून रिजिड. मधला सगळा पट्टा सेमी-रिजिड.

ब्रेसिंग असलेल्या स्टील फ्रेममध्ये क्लीटचे जॉइंट हिंज धरणं अगदी बरोबर आहे. तिथे मॉडेल आणि सांधा एकच गोष्ट सांगतात. काँक्रीटमध्ये शंका असेल तेव्हा मी दोन्ही मॉडेल चालवतो: मध्याची सळई हिंजच्या निकालावर, टोकाची सळई आणि कॉलम फिक्सच्या.