दोन इंच वर, एक पाट खाली

आमच्या थारच्या डिकीत एक पाट असतो. जेवायला बसायचा, शिसवी, पितळी फुल्यांचा, माझ्या मुंजीतला. गाडी दोन इंच उचलल्यापासून आई त्यावर पाय दिल्याशिवाय आत चढत नाही. सोसायटीच्या दारात मी आधी उतरतो, डिकी उघडतो, पाट काढतो, पुढच्या दाराशी मांडतो. वॉचमन रोज न चुकता म्हणतो, "साहेब, रांगोळी तेवढी राहिली."

गाडी उचलायची हौस माझीच. कंपनीनं २२६ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर, दिला होता, पण मुळशीकडे जाणाऱ्या आमच्या रविवारच्या टोळक्यात माझीच गाडी तेवढी बुटकी दिसायची. घरी सांगितलं, लिफ्ट किट बसवतोय. बाबा पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, "बिल्डिंगची लिफ्ट चार महिने बंद आहे. आधी तिला बसव."

बसवलं. पहिला आठवडा मी सिग्नलला शेजारच्या गाड्यांच्या टपावरची धूळ बघत सुखात काढला. दुसऱ्या आठवड्यात एक्स्प्रेस वेवर गाडी वारीतल्या पताकेसारखी डोलायला लागली. वळण संपलं तरी स्टिअरिंग सरळ व्हायला तयार नाही. रुसलेल्या पाहुण्याला आणून बसवावं तसं त्याला हातानं मध्यावर आणायचं. चाकांचे कोन जुळवणाऱ्या अलाइनमेंटवाल्याच्या पडद्यावर सगळे आकडे लाल. त्यानं होती तेवढी चावी फिरवली आणि पाना खाली ठेवला. "वरचे आर्म बदला. आता इथं खेळच उरला नाही."

थारचं पुढचं प्रत्येक चाक दोन आर्मच्या, म्हणजे लोखंडी हातांच्या, मध्ये धरलेलं असतं, एक वर, एक खाली. ते आखलेले असतात मूळ उंचीच्या हिशेबानं. गाडी उचलली की अंग वर जातं, चाक बिचारं जमिनीवरच राहतं आणि आर्म तिरके लोंबायला लागतात. मी गाडी उंच केली असं समजत होतो. खरं तर चाकं खाली सोडली होती. मग आर्मच्या टोकाचा गोळीचा सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, वेड्यावाकड्या कोनात अवघडतो, टायर एका कडेनं खाल्ला जातो आणि कास्टर कमी होतो. कास्टर म्हणजे काय, हे हात सोडून सायकल चालवलेल्या कुणालाही ठाऊक असतं. पुढचा चिमटा तिरका असतो, म्हणून चाक आपसूक सरळ राहायला बघतं. माझ्या गाडीचा चिमटा उभा झाला होता म्हणा ना.

तर वरचे आर्म घ्यायचे. मला वाटलं, दुकानात जायचं, "दोन आर्म द्या" म्हणायचं. पण मुलीला स्थळं बघताना आमच्या आत्यानं जेवढे प्रश्न विचारले नव्हते तेवढे इथं मलाच विचारले गेले. बंदिस्त बॉल जॉइंट की उघडा युनिबॉल? आर्मच्या मुळाशी बसणाऱ्या गाद्या, म्हणजे बुश, रबरचे, पॉलियुरेथेनचे, की थेट हाइम जॉइंट? कास्टर ठरलेला की कमी-जास्त करता येणारा? काळा की लाल?

रविवारच्या टोळक्यात प्रत्येकाचं मत वेगळं आणि प्रत्येकाचं ठाम. एकजण युनिबॉलचा वारकरी. मेक्सिकोत १९६७ पासून बाहाची वाळवंटातली शर्यत चालते, तिथल्या गाड्यांना हाच सांधा असतो, कितीही कोनात वळतो, वगैरे. दुसरा पॉलियुरेथेनवाला, त्याची गाडी गल्लीत शिरली की माजघरातला झोपाळा चालत आल्यासारखा आवाज येतो. "ग्रीस भरायचं राहिलं," असं तो गेली दोन वर्षं म्हणतोय. (आईनं खोबरेल सुचवलं होतं. झोपाळ्याच्या कड्यांना चालतं.) हाइम जॉइंटवाला फारसा बोलत नाही. लोखंडावर लोखंड, रस्त्यातला प्रत्येक खडा मणक्यात. बोलायला माणूस आधी नीट बसायला तरी हवा.

शेवटी एकानं विचारलं, "पण तू गाडी नेतोस कुठं?"

"हिंजवडीला," मी म्हणालो.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

मग नाना पेठेतले गॅरेजवाले उस्ताद. त्यांनी माझ्याकडे न बघता गाडीखाली बघितलं. "युनिबॉल घ्या की. वाळवंटाला एक नंबर. तुम्ही जाणार ताम्हिणीला. म्हणजे पावसाळ्याआधी तेल, पावसाळ्यात तेल, आणि पावसाळ्यानंतर नवा युनिबॉल." हे मला पटलं. २०२४ च्या जुलैत ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला होता. तिथं उघडा सांधा नेणं म्हणजे छत्री विसरून पंढरपूर गाठणं.

एवढ्यावर थांबले असते तर उस्ताद कसले. मागच्या अ‍ॅक्सलवरच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या, गोळ्यावर टिचकी मारून म्हणाले, "आणि हे कुठं वर गेलं?"

गेलं नव्हतं. मागचा अ‍ॅक्सल अखंड, दोन चाकांमध्ये आडवा; स्प्रिंग उंच करा नाहीतर गाडी गच्चीवर न्या, तो गोळा टायरच्या मानानं जिथल्या तिथं. दगड आधी आदळतो तो त्यालाच. टायर मोठे केले तरच तो वर जाणार. मोठ्या टायरचा विषय वकील मेव्हण्यापुढे काढला, तर त्यानं जेवता जेवता मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, गाडीत बदल करण्याबद्दलचं, असा उच्चार केला आणि पुढचा घास घेतला. मी विषय मिटवला. आधीच्या दोन इंचांबद्दल त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

घेतले शेवटी बंदिस्त बॉल जॉइंटचे, रबर बुशचे, कास्टर वाढवून दिलेले. काळे. लाल जास्त सुंदर होते, पण चिखलात लोळल्याशिवाय ते दिसणार कुणाला? किंमत ऐकून बायकोनं एवढंच विचारलं, "एका हाताची की दोन्ही?"

बसवल्यावर अलाइनमेंटचे आकडे हिरवे झाले. सगळ्यांना घेऊन पिरंगुटपर्यंत गेलो. वळण संपलं, स्टिअरिंग आपलं आपण सरळ. "बघितलंत?" मी म्हणालो.

"आपल्या मारुती आठशेचं असंच व्हायचं," आई म्हणाली. "तिला फुकट होतं ते."

परत आल्यावर बाबांनी पहिल्यांदाच कुतूहल दाखवलं. "दाखव बघू हात." मी स्टिअरिंग पूर्ण वळवून धरलं. त्यांनी पाट मागून घेतला, चाकाशी मांडला, त्यावर बसले, चष्मा कपाळावर चढवून आत डोकावले.

"काळा का घेतलास? काहीच दिसत नाही."

"अहो, उठा तिथून," वरून आई म्हणाली. "मला उतरायचंय."