मानसतज्ज्ञांनी स्वतःला कसे ओळखू नये

समोरच्या खुर्चीतला माणूस तुम्ही दहा मिनिटांत ओळखता, त्याबद्दल वाद नाही. धोका आहे तो या बाजूच्या खुर्चीत. एमए, एमफिल, वर इतक्या वर्षांची प्रॅक्टिस, एवढं सगळं पाठीशी असताना एखाद्या बेसावध क्षणी स्वतःबद्दल काहीतरी कळून जायचं. तसं होऊ नये म्हणून थोडी पूर्वतयारी लागते.

आधी व्यक्तिमत्त्व चाचणी उरकून घ्या. मानसशास्त्रज्ञ कॉस्टा आणि मॅक्रे यांची २४० विधानांचीच घ्या; ६० विधानांची छोटी आवृत्ती भरली तर कोणी मानत नाही. क्लायंटला ती भरायला पाऊण तास लागतो. तुम्ही लवकर सुटाल, कारण कुठलं विधान स्वभावाच्या कुठल्या घटकात जातं आणि कुठल्याचे गुण उलटे मोजायचे (सहमतीला कमी, असहमतीला जास्त), हे तुम्हाला पाठ आहे. चिडचिडेपणाबद्दलचं विधान आलं की पेन जरा थबकेल. थबकू द्या. 'चिडतो, पण कारण असेल तरच' असं मनाशी म्हणा आणि 'असहमत'वर खूण करा. शेवटी खुलेपणा (नव्याची ओढ) शिखरावर, सुमेळही (इतरांशी जुळवून घेणं) तिथेच आणि भावनिक अस्थिरता पार तळाला, असा देखणा आलेख मिळेल. क्लायंटचा असा आलेख आला की आपण 'हा चांगलं दिसण्यासाठी उत्तरं देतोय' अशी नोंद करतो. स्वतःच्या आलेखाला ती नोंद लावायची नसते.

विचारशैलीचं काम त्याहून सोपं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी मनाचा कारभार सरकारासारखा चालतो असं मानून १३ शैली सांगितल्या: कायदे करणारी, कायदे राबवणारी, निवाडा करणारी, अशा. तुम्ही पहिली घ्या. तुम्ही नवं घडवणारे. मग मंगळवारच्या चिंतेच्या केसला आणि बुधवारच्या घटस्फोटाच्या केसला विचार नोंदवायचा तोच तीन रकान्यांचा छापील कागद का जातो, असं कोणी विचारलं तर शांतपणे सांगा की शैली म्हणजे आवड, क्षमता नव्हे. स्टर्नबर्गही हेच सांगतात, त्यामुळे समोरचा गप्प बसतो. व्यक्तिमत्त्वाची आणि विचारशैलीची, अशा दोन्ही प्रश्नावल्या मात्र एकाच बैठकीत, एकाच मूडमध्ये भरा. खुलेपणा आणि ही शैली यांचा सहसंबंध (शून्य म्हणजे नातंच नाही, एक म्हणजे पूर्ण जुळणी) मग असा जुळतो की बस. ०.३० आला तरी पेढे वाटा. त्यातून फक्त ९ टक्के फरकाचा उलगडा होतो, हे पेढे संपल्यावर सांगितलं तरी चालेल.

खरी काळजी घ्यायची ती आत्मभानाची. इथे नवखे चुकतात. स्वतःबद्दल विचारच करायचा नाही, असं ठरवून बसतात. उलट, भरपूर करा. डायरी लिहा, रोज, चांगल्या जाड कागदावर. ग्रँट, फ्रँकलिन आणि लँगफर्ड यांनी २००२ साली २० विधानांची मोजपट्टी केली. तिच्यात स्वतःकडे पाहणं आणि स्वतः उमगणं हे वेगवेगळे निघाले. डायरी लिहिणाऱ्यांचं पाहणं जास्त भरलं आणि उमगणं कमी. म्हणजे रस्ता मोकळा आहे.

डायरीत काय लिहायचं, त्यालाही शास्त्र आहे. ट्रॅपनेल आणि कॅम्पबेल यांनी १९९९ मध्ये आत पाहण्याचे दोन प्रकार वेगळे केले. कुतूहलाने पाहणं खुलेपणाकडे झुकतं, तर तेच तेच उगाळणं भावनिक अस्थिरतेकडे. तुम्ही उगाळा आणि वर 'चिंतन' असं शीर्षक द्या. 'त्या क्लायंटने चौथ्या सेशननंतर येणं का थांबवलं?' हा प्रश्न सलग अकरा रात्री लिहा. उत्तर मात्र फाइलमध्ये पहिल्याच दिवशी लिहिलेलं असू द्या: 'प्रतिरोध', म्हणजे क्लायंटच उपचाराला अडतो. चौथ्या सेशनच्या पन्नास मिनिटांत तुम्ही स्वतः किती बोललात, ते मोजू नका. रेकॉर्डिंग असेल तर अजिबात ऐकू नका. सुपरव्हिजनला, म्हणजे ज्येष्ठाकडून आपलं काम तपासून घ्यायला, न्यायची केस नेहमी सुधारलेलीच न्यावी.

तरी शंकेचा किडा वळवळलाच, तर सहकाऱ्यांकडे पाहा. वॉल्फिश आणि मंडळींनी २०१२ मध्ये १२९ मानसोपचार व्यावसायिकांना स्वतःची तुलना इतरांशी करायला सांगितली. २५ टक्क्यांनी स्वतःला वरच्या दहा टक्क्यांत बसवलं आणि सरासरीच्या खाली एकानेही नाही. असं गाव कुठे सापडतं? आणि हनान व सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात ५५० पैकी कोणत्या क्लायंटची अवस्था आणखी बिघडेल, असं थेरपिस्टना विचारलं, तेव्हा त्यांनी ३ दाखवले. बिघडले ४०. त्या ३ मध्ये खरोखर बिघडलेला एकच होता, पण निदान तो तरी बरोबर निघाला, असं म्हणायला जागा आहे.

एक गोष्ट मात्र जपा. त्या २४० विधानांच्या चाचणीची दुसरीही आवृत्ती असते. विधानं तीच, फक्त 'मी'च्या जागी 'तो' किंवा 'ती', आणि भरायची ती तुम्हाला जवळून ओळखणाऱ्याने. ती पुस्तिका क्लिनिकमध्येच, खालच्या खणात, जुन्या पावत्यांखाली ठेवा. चुकून घरी आली, जेवणाच्या टेबलावर राहिली आणि घरच्या माणसाने चष्मा लावून पहिलं पान उलटलं, तर पेन शोधून देऊ नका.