यलोस्टोनला जाताय? मग अंतर राखा

उन्हाळा जवळ आला की इथल्या, अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुपवर यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाबद्दल प्रश्न सुरू होतात: "यलोस्टोन दोन दिवसांत उरकतं का?" सॉल्ट लेक सिटीला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची, ओल्ड फेथफुल हा गीझर (मधूनमधून उसळणारं गरम पाण्याचं कारंजं) बघायचा, ग्रँड प्रिझमॅटिक या रंगीत गरम झऱ्यापुढे फोटो काढायचे आणि परत. उरकतं, हो. पण तिथे गेल्यावर आपण वागतो कसे, याबद्दल मला आज बोलायचंय. गेल्या जूनमध्ये तिथल्या हेडन व्हॅलीत पाहिलेला प्रकार अजून डोक्यातून जात नाही.

रस्त्याला लागून बायसनचा (अमेरिकेतल्या केसाळ रानगव्याचा) एक नर चरत होता. थंडीतली लोकर अंगावरून पुंजक्या-पुंजक्यांनी सुटून लोंबत होती. मागे गाड्यांची रांग. पुढच्या गाडीतून एक मराठी कुटुंब उतरलं आणि वडील सहा-सात वर्षांच्या मुलाला सांगू लागले, "अजून थोडा मागे सरक, दोघंही फोटोत आले पाहिजेत." मागे म्हणजे बायसनकडे. तेवढ्यात त्याची शेपटी उभी राहिली. बायसन बिथरल्याची ती खूण आहे. मी खिडकीतून ओरडले, "दादा, आधी मुलाला गाडीत घ्या!" उत्तर आलं, "अहो ताई, गाईसारखा शांत आहे तो." मुलगा आईच्या हाकेने धावत आला म्हणून बरं.

पूर्ण वाढलेल्या नराचं वजन ९०० किलोपर्यंत जातं आणि तो ताशी ५५ किलोमीटरने पळतो. बायसन आणि एल्क (मोठ्या हरणां)पासून किमान २३ मीटर, अस्वल आणि लांडग्यांपासून ९१ मीटर, हा पार्कचा नियम आहे. प्रवेशद्वारावर मिळणाऱ्या माहितीपत्रकात तो छापलेला असतो. पण ते वाचतं कोण?

आणि हा नियम फक्त आपल्या जिवासाठी नाही. २०२३च्या मे महिन्यात लामार व्हॅलीत बायसनचं एक वासरू नदी ओलांडताना कळपापासून मागे राहिलं. एका पर्यटकाने त्याला हातांनी ढकलून काठावर, रस्त्याच्या दिशेने चढवलं. कळपाने ते पुन्हा जवळ केलं नाही. ते गाड्यांच्या आणि माणसांच्या मागे फिरू लागलं आणि शेवटी पार्कच्या कर्मचाऱ्यांना त्याला मारावं लागलं. हात लावणाऱ्याच्या मनात वाईट काही असेलच असं नाही. वासराचा जीव मात्र गेला.

गरम पाण्याच्या कुंडांचंही तेच. यलोस्टोनमध्ये दहा हजारांहून जास्त उष्ण झरे, गीझर, वाफेची छिद्रं, चिखलाची कुंडं आहेत. जगातले निम्म्याहून अधिक जिवंत गीझर इथेच. खालच्या उष्णतेने तापलेलं पाणी अरुंद वाटांमध्ये अडकतं, वरच्या पाण्याच्या दाबामुळे त्याला उकळता येत नाही. थोडं पाणी वर निसटलं की दाब उतरतो, क्षणात वाफ होते आणि सगळं उसळून बाहेर येतं. त्या अरुंद वाटा हेच गीझरचं सर्वस्व. त्यात दगड, नाणी टाकली की वाट बुजते. मॉर्निंग ग्लोरी पूलमध्ये लोकांनी वर्षानुवर्षं नाणी आणि कचरा टाकला. झऱ्याचं तोंड चोंदलं, पाणी थोडं निवलं आणि एकेकाळच्या निळ्याशार कुंडात कडेने पिवळे-नारिंगी जिवाणू पसरले. आपल्याकडे पाणी दिसलं की नाणं टाकायची सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगते. त्या नारिंगी कडेसमोर उभं राहिल्यावर मला फार वाईट वाटलं.

लाकडी पायवाट सोडून तर एक पाऊलही टाकू नका. बाजूची जमीन घट्ट वाटते, पण काही ठिकाणी ती नुसता पापुद्रा असतो आणि खाली उकळतं पाणी. लहान मुलांचा हात सोडू नका.

लांबून मजा येत नाही म्हणणाऱ्यांनी पहाटे लामारला जावं. १९२६पर्यंत इथले लांडगे माणसाने संपवले होते. १९९५मध्ये कॅनडातून १४ लांडगे आणून पुन्हा वसवले. आज लोक उजाडायच्या आत रस्त्याकडेला दुर्बिणी लावून उभे असतात. एका आजोबांनी आपल्या दुर्बिणीची उंची कमी करून माझ्या लेकीला बघायला बोलावलं. दूरच्या उतारावर एक काळा लांडगा चालला होता. तिने श्वास रोखून पाहिलं, मग आजोबांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. तो लांडगा आमच्यामुळे ना थांबला ना पळाला. असं दर्शन मला हवं असतं.

हे अमेरिकेपुरतं नाही. २०२४च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली होती. तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

ज्यांचं यंदाचं बुकिंग झालंय, त्यांनी एक बरी दुर्बीण घ्या, ट्रेलवर जाणार असाल तर अस्वल अंगावर आलं तर त्याच्यावर फवारायचा स्प्रे हाताशी ठेवा. बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नसते, नकाशे आधीच डाउनलोड करा. आणि बायसन रस्त्यात उभा राहिला तर हॉर्न वाजवू नका, गाडीतच बसा. तो जाईल तेव्हा जाईल.