चुना नेमका कुणी कुणाला लावला?

दक्षिण इटलीतल्या पुलिया भागात अल्बेरोबेल्लो नावाचं गाव आहे. तिथली शंकूच्या आकाराच्या दगडी छपरांची घरं, म्हणजे ट्रुल्ली, रीलमध्ये दिसली की खाली ठरलेला मजकूर असतो: ‘गरीब शेतकऱ्यांनी चुना न वापरता घरं बांधली आणि राजालाच चुना लावला. वसुली अधिकारी आला की माथ्यावरचा एक दगड काढायचा, घर भुईसपाट!’

कर बुडवला गेला हे खरं. पण तो बुडवला कोन्व्हेर्सानोच्या काउंटने, म्हणजे तिथल्या जहागीरदाराने. नेपल्सच्या राज्यात नवी वस्ती वसवायची तर राजाची परवानगी लागे आणि करही भरावा लागे. काउंटला जमीन कसायला माणसं हवी होती, कर मात्र नको होता. म्हणून चुना वापरायची बंदी, म्हणजे तपासणी आली की दगड उतरवता येतील. कागदावर गावच नाही! डोक्यावरचं छप्पर उतरवायची पाळी यायची ती कुळांवर. यात शेतकऱ्यांची हुशारी शोधणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला हार घालणं.

आणि गावकरी खरंच मजेत असते, तर त्यांची माणसं गाऱ्हाणं घेऊन तारांतोला राजा चौथ्या फेर्दिनांदोकडे कशाला गेली असती? त्याने 27 मे 1797 रोजी गावाला काउंटच्या तावडीतून सोडवलं. त्याच वर्षी चुन्यात बांधलेलं पहिलं घर, ‘काझा द’अमोरे’, उभं राहिलं. ते आजही बघता येतं.

एका दगडाची गोष्ट तर निव्वळ लोणकढी. माथ्यावरचा पांढरा कळस शोभेचा असतो. खाली दगडांची एकावर एक, लहान होत जाणारी वर्तुळं. प्रत्येक वर्तुळातले दगड एकमेकांना दाबून धरतात. वरचा दगड काढला तर भोक पडेल, घर नाही पडणार. त्यावर पाणी निथळायला चपट्या चुनखडीच्या फरश्यांचा वेगळा थर. एवढं सगळं उतरवायचं तर अंगमेहनतच करावी लागणार.

शिवाय ही बांधणी काही काउंटच्या डोक्यातून निघालेली नाही. या भागात जमीन खणली की चुनखडीच लागते, पाणी दुर्मिळ. शेतातले दगड वेचायचे आणि रचायचे, हा सोपा मार्ग. लोकोरोतोन्दो, चिस्तेर्निनो, मार्तिना फ्रांका यांच्या शिवारातही ट्रुल्ली आहेत. 1797 नंतर चुन्याला मोकळीक मिळाली, तरी त्या बांधल्या जातच राहिल्या. सांत’आन्तोनिओचं ट्रुल्लोच्या घाटाचं चर्च तर 1927 चं आहे. तेव्हा कुठला काउंट नि कुठला नेपल्सचा राजा?