डोळस खरेदीचे धोके

सेकंडहँड जपानी स्पोर्ट्स कूपे, म्हणजे दोन दारांची वेगवान गाडी, घ्यायचं तुमच्या मनात आलं, म्हणजे ती घेऊन झालीच आहे. उरलाय तो फक्त शोधाशोधीचा देखावा. तो नीट वठावा म्हणून हे चार शब्द. घरी मात्र 'नुसती बघून येतो' असंच सांगा. ताकाला जाऊन भांडं लपवायची याहून चांगली संधी आयुष्यात फारशी येत नाही.

सुरुवात कागदांपासून करू, कारण घात तिथेच होतो. जपानमधल्या लिलावातून आलेल्या गाडीची एक ऑक्शन शीट, म्हणजे तपासणीचा कागद, असते. त्यावर गाडीला मिळालेला दर्जा लिहितात: ५, ४.५, ४ असा तो उतरत जातो, आणि अपघातानंतर दुरुस्त केलेल्या गाडीला आकड्याऐवजी 'आर' हे अक्षर मिळतं. आर म्हणजे रेसिंग, असं खुशाल समजा. बाजूला गाडीचं चित्र असतं आणि त्यावर मुंग्यांसारखी अक्षरं. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे पत्रा ठोकून रंगवल्याची खूण, एस म्हणजे गंज, एक्सएक्स म्हणजे तो भागच बदललेला. शिवाय तपासनिसाने हाताने खरडलेल्या जपानी ओळी. त्या गाडीबद्दल जे काही खरं आहे ते त्या ओळींत असतं, म्हणून त्या कुणाकडून वाचून घ्यायच्या नाहीत. विक्रेता त्यांवर बोट ठेवून 'फार छान ठेवलेली आहे, असं लिहिलंय' म्हणेल. मान डोलवा. शीट हरवलीच असेल तर सोन्याहून पिवळं.

कागद आणि वस्तू यांचं जुळत नाही म्हणून खट्टू होऊ नका, या घराण्याची ती जुनी रीतच आहे. १९८९च्या सुमाराला जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवलं की कागदावर इंजिनाची ताकद २८० पीएसच्या (म्हणजे जवळपास तेवढ्याच अश्वशक्तीच्या) वर न्यायची नाही, आणि २००४पर्यंत ते पाळलं. तेवढ्या काळात निसानची स्कायलाइन जीटी-आर काय, टोयोटाची सुप्रा काय, बऱ्याच इंजिनांची खरी ताकद त्याहून जास्त, पण माहितीपत्रकात सगळी सभ्यपणे २८०. मग ओडोमीटरने थोडी सभ्यता दाखवली तर बिघडलं कुठे? आकडा ६३,००० किलोमीटर आणि स्टिअरिंगचं कातडं आरशासारखं गुळगुळीत, असं दिसलं तर आधीच्या मालकाचे हात खरखरीत होते एवढंच.

स्कायलाइन बघणार असाल तर चॅसी नंबरची पट्टी पाहू नका. आर३२ पिढीतल्या खऱ्या जीटी-आरचा नंबर बीएनआर३२ने सुरू होतो. तिथे एचसीआर३२ दिसलं, तर ती तिची साधी बहीण, दागिने मात्र थोरलीचे. बिल्ला आहे, मागचे गोल दिवे आहेत. एवढ्यासाठी वाकून गुडघे का मळवायचे?

वाकायचं तर मुळीच नाही. उत्तर जपानात हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, ते खालच्या पत्र्याला लागतं, आणि वरून कीर्तन, आतून तमाशा हा प्रकार चाकांच्या कमानींत सुरू होतो. गाडीखाली काळ्या रंगाचा ताजा, जाड थर दिसला तर विक्रेत्याच्या स्वच्छतेचं कौतुक करा.

तुम्ही पोचाल तेव्हा इंजिन आधीच गरम असेल. केवढी ही अगत्यशीलता! थंड इंजिन चालू होताना निळा धूर निघाला, तर टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) किंवा तेल अडवणारी सील थकल्याचं त्यावरून कळतं. तुम्हाला त्रास नको म्हणून त्या माणसाने तो सकाळीच काढून टाकलाय.

निसानची सिल्व्हिया म्हणजे ड्रिफ्टिंगवाल्यांची, गाडी आडवी घसरवत वळवणाऱ्यांची, लाडकी. तिच्या बंपरला प्लास्टिकच्या पट्ट्यांचे टाके घातलेले असतील. मागचे टायर कोरे, पुढचे म्हातारे. वळताना मागच्या चाकांतून कट-कट आवाज. 'एका वयस्क बाईंची गाडी, फक्त सामान आणायला वापरायच्या,' असं सांगतील. बाई सामान घेऊन आडव्या होत घरी यायच्या, इतकंच.

पण खरी श्रद्धा पारखायची तर माझदा आरएक्स-७. तिच्या रोटरी इंजिनात पिस्टन नाहीत, दोन त्रिकोणी रोटर आहेत, ६५४ सीसीचे दोन, म्हणजे १३०८ सीसी, वर दोन टर्बो. हे इंजिन थोडं तेल जाळतंच, त्याची रचनाच तशी. ही ओळ विक्रेत्याला तोंडपाठ असते. लिटरमागून लिटर तेल गायब झालं तरी उत्तर तेच, 'रोटरी आहे साहेब, पिणारच.' रोटरच्या टोकांवरची सील झिजलीत का, हे कॉम्प्रेशन तपासून कळतं. पण प्रत्येक रोटरला तीन बाजू असल्याने त्यासाठी खास यंत्र लागतं. ते कुणाकडे आहे याची चौकशी करू नका, कदाचित सापडेल. ही गाडी २००२ साली बंद झाली. म्हणजे अगदी शेंडेफळ घेतलंत तरी ते वीस वर्षांच्या वरचं. रबराच्या नळ्या त्याच वयाच्या. (त्या नळ्यांचं जाळं मी एकदा बॉनेट उघडून पाहिलं आणि तसंच बंद केलं. तुम्हीही तेच करा.)

मेकॅनिक मित्राला बरोबर नेऊ नका. त्याला डोळे असतात.

असो. गाडी दारात आली. रेडिओ लावाल तर तो ९० मेगाहर्ट्झला संपतो, कारण जपानचा जुना एफएम पट्टा ७६ ते ९०. पडद्यावरच्या नकाशात जपान सोडून जग नाही, त्यामुळे तुमचा बाण बहुधा समुद्रात. आणि किल्ली फिरवली की एक गोड बायकी आवाज काहीतरी बोलतो. टोलयंत्रात कार्ड घातलेलं नाही, एवढंच ती सांगत असते. तुम्हाला ते स्वागत वाटतं. वाटू द्या. त्या गाडीच्या संगतीत खरं बोलणारी ती एकटीच, आणि सुदैवाने तिची भाषा तुम्हाला येत नाही.