मोलिएरची नाटकं मोलिएरनेच लिहिली

‘मोलिएर नुसता नट होता, त्याची नाटकं प्येर कोर्नेयने लिहून दिली, आता तर संगणकानेही ते सिद्ध केलंय.’ सतराव्या शतकातल्या या दोन फ्रेंच नाटककारांबद्दलचा हा दावा सारखा पुढे पाठवला जातो. अत्र्यांच्या ‘कवडीचुंबक’मुळे मोलिएर ओळखणारे आपले नाटकवेडेही त्यावर माना डोलावतात, याचं मला वाईट वाटतं.

मूळ कल्पना १९१९ सालची, प्येर लुईस या लेखकाची. आधार काय, तर १६५८ मध्ये मोलिएरची नाटकमंडळी कोर्नेयच्या गावी, रूआंला मुक्कामी होती आणि त्यानंतरच तो गाजू लागला. पण त्याचं पद्यनाटक ‘देपी आमुरो’ १६५६ मध्येच दक्षिण फ्रान्समधल्या बेझिएला रंगमंचावर आलं होतं. तेरा वर्षं गावोगाव खेळ करत फिरलेला माणूस पॅरिसला येऊन गाजला, तर त्यात लपवाछपवी कसली शोधायची?

मोलिएरच्या हातचं हस्तलिखित नाही म्हणतात. त्याच काळातला नाटककार रासिन, त्याच्या शोकांतिकांचीही त्याच्या हातची प्रत आज उरलेली नाही. छपाई झाली की कागद जपायची रीत नव्हती.

कोर्नेयशी व्यवहार होता, पण तो उघड होता. ‘आतिला’ आणि ‘तित ए बेरेनिस’ या त्याच्या शोकांतिकांसाठी मंडळीने प्रत्येकी २००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) मोजले, आणि ला ग्राँज या नटाने ते आपल्या वहीत टिपून ठेवले. १६७१ चं ‘प्सिशे’ घाईत पुरं करायचं होतं म्हणून कोर्नेयने बराच भाग लिहिला. कोणता भाग कोणाचा, हे छापील पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगितलंय. ज्यांनी हे नाव लपवलं नाही, ते बाकीच्या नाटकांत कशाला लपवतील?

शिवाय मोलिएरच्या ‘लेकोल दे फाम’ या नाटकावरून १६६३ मध्ये मोठा गदारोळ झाला. मोलिएरवर अश्लीलतेचे, धर्मनिंदेचे, उसनवारीचे आरोप झाले, त्याच्या लग्नावरही चिखलफेक झाली. पण ‘हे कोर्नेयने लिहिलंय’ असं एकाही वैऱ्याने म्हटलं नाही. उलट त्याच नाटकात आपल्या जमिनीभोवती चिखलाचा चर खणून स्वतःला ‘म्सिय द लील’, म्हणजे ‘बेटाचे महाशय’, म्हणवून घेणाऱ्या शेतकऱ्याची टवाळी आहे, आणि ते नाव लावायचा कोर्नेयचा सख्खा भाऊ, नाटककार तोमा!

राहिला संगणक. २००१ च्या अभ्यासात दोघांचे शब्द जवळचे दिसले. पण एकाच काळात, एकाच छंदात, एकाच प्रकारची नाटकं लिहिणाऱ्यांचे शब्द जुळणारच. २०१९ मध्ये काफिएरो आणि काँप्स या संशोधकांनी यमकं, व्याकरण, नकळत वापरले जाणारे बारीक शब्द असं सगळं तपासलं. मोलिएरची नाटकं एकीकडे गोळा झाली आणि दोन्ही कोर्नेय वेगळे पडले.

माझ्या लेखी मात्र सगळ्यात मोठा पुरावा ‘लाव्हार’मध्येच आहे, ज्यावरून ‘कवडीचुंबक’ आलं त्या १६६८ च्या नाटकात. कंजूष आर्पागों एका नोकराला लंगडा कुत्रा म्हणतो, कारण ती भूमिका करणारा मंडळीतला लुई बेजार खरोखर लंगडायचा. आर्पागों स्वतः खोकतो, आणि लग्नं जुळवणारी फ्रोझिन त्याला म्हणते, तुम्हाला खोकलाही शोभून दिसतो. आर्पागोंची भूमिका मोलिएर करायचा, आणि छातीचं दुखणं त्याच्या मागे लागलेलं होतं. नटाला प्रयोगात खोकल्याची उबळ दाबता येत नाही, हे ओळखून त्याने ती संवादातच घेतली. मंडळीत रोज वावरणाऱ्यालाच असं लिहिता येतं. पुढे १७ फेब्रुवारी १६७३ ला ‘ल मालाद इमाजिनेर’ या आपल्या नाटकाचा चौथा प्रयोग कसाबसा पुरा करून तो घरी गेला आणि त्याच रात्री खोकता खोकता वारला.