‘निदान झालं की पंचवीस लाख’: त्या मेसेजमधलं खरं किती?

सोलापुरात सोसायट्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: “क्रिटिकल इलनेस पॉलिसी घ्या. कॅन्सर, हार्ट अटॅक, स्ट्रोक, किडनी... डॉक्टरांनी नाव काढलं की दुसऱ्या दिवशी २५ लाख खात्यात. तब्बल ६० आजार कव्हर. मग मेडिक्लेमचे हप्ते कशाला? वर टॅक्सही वाचतो.”

यात एक गोष्ट खरी आहे. ही पॉलिसी दवाखान्याचं बिल बघत नाही, ठरलेली रक्कम एकदम देते. पण बाकीच्यावर विसंबून कुणी मेडिक्लेम बंद केला, तर ते घर उघड्यावर पडेल.

“नाव काढलं की दुसऱ्या दिवशी पैसे”

पैसे आजाराच्या नावावर मिळत नाहीत, पॉलिसीत छापलेल्या व्याख्येवर मिळतात. प्रमुख आजारांच्या व्याख्या विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिल्या आहेत, आणि त्या कडक आहेत.

कॅन्सरमध्ये बायोप्सीचा (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) पुरावा लागतो, आणि पेशी आजूबाजूला पसरू लागलेल्या असाव्या लागतात. जागेवरच असलेला अगदी सुरुवातीचा कॅन्सर या व्याख्येत बसत नाही. थायरॉइड आणि प्रोस्टेटच्या काही सुरुवातीच्या गाठीही वगळलेल्या आहेत. स्ट्रोकमध्ये मेंदूच्या कामातली कायमची कमतरता किमान ३ महिने टिकल्याचं दाखवावं लागतं. हात-पाय काही तासांत पूर्ववत झाले तर क्लेम बसत नाही. किडनीचं म्हणाल तर दोन्ही कायमच्या निकामी आणि नियमित डायलिसिस किंवा प्रत्यारोपण, अशी अट आहे. डेंग्यू किंवा सर्पदंशानंतर आठवडाभर डायलिसिस लागलं, ते यात धरत नाहीत.

सर्वांत जास्त गैरसमज हृदयाबद्दल. नुसत्या ब्लॉकेजसाठी स्टेंट टाकला तर हार्ट अटॅकच्या व्याख्येनुसार काही मिळत नाही. काही पॉलिसी अँजिओप्लास्टीला (ब्लॉकेज उघडून स्टेंट टाकण्याला) छोटा हिस्सा देतात, तो वेगळा लिहिलेला असतो. पण खरोखर हार्ट अटॅक येऊन स्टेंट टाकला असेल, तर क्लेम ‘हार्ट अटॅक’ या सदरात करायचा. त्यासाठी छातीत दुखल्याची नोंद, ईसीजीतले नवे बदल आणि ट्रोपोनिनसारख्या रक्ततपासणीचे वाढलेले आकडे लागतात. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘अँजायना’ (हृदयाला रक्त कमी पडल्यानं छातीत दुखणं) असेल तर क्लेम अडतो. म्हणून पहिल्या रात्रीचा ईसीजी आणि रक्ताचे रिपोर्ट दवाखान्यातून निघतानाच मागून घ्या. ते नंतर शोधणं जड जातं.

त्यातच दोन मुदती. पॉलिसी सुरू झाल्यापासून बहुधा पहिले ९० दिवस काहीच मिळत नाही. आणि निदानानंतर रुग्ण ठरावीक दिवस, अनेक पॉलिसींत ३०, जिवंत असावा लागतो. त्याआधी मृत्यू झाला तर ही पॉलिसी रक्कम देत नाही; तिथे टर्म इन्शुरन्सच (मृत्यूनंतर घरच्यांना रक्कम देणारा विमा) उपयोगी पडतो.

“मग मेडिक्लेम कशाला?”

दोन्हींची कामं वेगळी आहेत. अपघातातलं फ्रॅक्चर, डेंग्यू, अपेंडिक्स, बाळंतपणातली गुंतागुंत यांपैकी कशालाच क्रिटिकल इलनेस पॉलिसी हात लावत नाही. आधी मेडिक्लेम, मग हिचा विचार. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार संलग्न रुग्णालयांत मिळतात, पण बंद पडलेली कमाई तिथून मिळत नाही. दोन्ही पॉलिसी असतील तर दोन्ही क्लेम करता येतात: मूळ बिलं मेडिक्लेमला, रिपोर्टांच्या प्रमाणित प्रती क्रिटिकल इलनेसला.

“प्रत्येकानं २५ लाखांची घ्यावी”

आकडा हवेतून उचलू नका. समजा घरखर्च महिना ३५,००० आणि कर्जाचा हप्ता १२,०००. मोठ्या आजारात दोन वर्षं कमाई थांबेल असं धरलं तर ४७,००० गुणिले २४, म्हणजे ११ लाख २८ हजार. उपचार बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात झाले तर राहण्याचा खर्च कमी. मुंबईला टाटा कॅन्सर रुग्णालयात जावं लागलं तर दोघांच्या फेऱ्या आणि खोलीभाडं धरा. अशा घराला १३ ते १५ लाख पुरतील.

ही पॉलिसी सर्वांत जास्त कामाची आहे ती नवी पेठेतला दुकानदार, रिक्षावाला, स्वतःचे दोन-चार लूम चालवणारा कारखानदार यांना, कारण ते बसले की गल्ला बसतो. एमआयडीसीत ईएसआयची (कामगार राज्य विमा योजनेची) नोंद असलेल्या कामगाराला अटी पूर्ण केल्यास ३४ दीर्घ आजारांत ८० टक्के वेतन दोन वर्षांपर्यंत मिळू शकतं. त्यानं आधी आपली वर्गणी भरली जाते का ते पाहावं. पेन्शनवर जगणाऱ्याची कमाई आजारानं थांबत नाही, आणि त्या वयात प्रीमियमही जड असतो. त्यानं तोच पैसा मेडिक्लेमची रक्कम वाढवायला लावावा.

“६० आजार”

आकड्याला भुलू नका. कॅन्सर, हृदय, स्ट्रोक आणि किडनी यांच्या व्याख्या ठरवून दिलेल्या व्याख्येपेक्षा किती सैल, हे तुलना करून बघा. टर्म पॉलिसीला जोडलेला रायडर (जोडविमा) असेल तर मिळालेली रक्कम मृत्यूलाभातून वजा होते का, तेही विचारा.

“टॅक्स वाचतो”

आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची करसवलत जुन्या करप्रणालीतच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी मात्र नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: फॉर्म एजंटला भरू देऊ नका. शुगर, बीपी आणि तंबाखू यांची उत्तरं स्वतः लिहा. मिश्री हीसुद्धा तंबाखूच, ती लपवली की पुढे क्लेम नाकारायला तेवढं कारण पुरतं. कागद हातात आल्यावर ३० दिवसांत वाचून पॉलिसी परत करता येते. क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. ५० लाखांपर्यंतची तक्रार तिथे विनाशुल्क चालते आणि वकील लागत नाही.